इंजिन बांधलं तरी ट्रक पुन्हा ऑइल खातो: पिस्टन, रिंग, रॉड मागवण्याआधी काय बघायचं

नवीन किट टाकून इंजिन बांधलं, पहिले काही महिने गाडी मस्त ओढली आणि मग हळूहळू पुन्हा तेच. सकाळी डिपस्टिक काढली की ऑइल खाली. चढाला मागे निळसर धूर, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) भकाभका वाफ. पुन्हा खोला, पुन्हा लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि पिस्टनचा सेट टाका, आणि पुन्हा जेमतेम तेवढाच काळ काढा. अशा वेळी मालक आणि मिस्त्री दोघंही एकच विचारतात: "या वेळी कुठल्या कंपनीचं किट टाकायचं?"

माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. किटाकिटात फरक असतो, नाही असं नाही. पण एकच इंजिन वारंवार त्याच आजाराने खोलावं लागत असेल, तर आजार बहुधा किटच्या खोक्यात नसतो. तो हवेच्या नळीत असतो, डिझेल फवारणाऱ्या नोजलमध्ये असतो, पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या वाकलेल्या रॉडमध्ये असतो, नाहीतर होन करून (दगडाने आतून घासून) नीट न धुतलेल्या लायनरवर. जुने पिस्टन आणि रिंगा त्याचा पुरावा अंगावर घेऊनच बाहेर येतात. आपण तो भंगारात टाकतो आणि नवीन खोकं फोडतो.

आधी खात्री करा: दोष रिंगचाच आहे का?

ऑइल कमी झालं म्हणजे रिंगा गेल्या, असं ट्रकच्या बाबतीत लगेच धरून चालू नका. ऑइल जायला इथे आणखीही वाटा आहेत. पहिली टर्बोची. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारी नळी काढा आणि आत बोट फिरवा. ब्रीदर इनटेकला जोडलेला असेल तर थोडा ओलसरपणा असायचाच. पण नळीच्या तळाशी ऑइल साचलेलं दिसलं तर आधी टर्बो आणि त्याची ऑइल परत जाणारी लाइन बघा. ती लाइन चोंदली की धडधाकट टर्बोसुद्धा ऑइल फेकतो.

दुसरी वाट एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरची, आणि हिच्याकडे बघायचं राहूनच जातं. या कॉम्प्रेसरला ऑइल इंजिनचंच मिळतं, आणि त्यालाही स्वतःचा पिस्टन आणि स्वतःच्या रिंगा असतात. त्या झिजल्या की ऑइल हवेच्या टाकीत जातं. टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर काळपट ऑइल आलं की समजायचं. शिवाय झिजलेला कॉम्प्रेसर हवा उलटी चेंबरमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागात) ढकलतो, त्यामुळे ब्रीदर जोरात मारतो आणि आळ येतो इंजिनच्या रिंगांवर. तपासायला सोपं आहे: टाकी पूर्ण भरू द्या आणि कट-आउट होताना (टाकी भरून कॉम्प्रेसर हवा भरायचं थांबवतो तेव्हा) ब्रीदरकडे लक्ष ठेवा. जोर एकदम उतरला तर संशयित कॉम्प्रेसर आहे. एवढ्यासाठी अख्खं इंजिन खोललेलं मी पाहिलं आहे.

व्हॉल्व्ह गाइड आणि सील ही तिसरी वाट. हेड उतरवलं की तिचा निकाल लागतोच.

या तिन्ही वाटांवर काही सापडलं नाही तर लीक-डाउन टेस्ट करा. नोजल काढून त्या जागी अडॅप्टर लावायचा, पिस्टन टॉपला (सर्वांत वर) आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना हवा सोडायची आणि कान द्यायचा. क्रँक आधी अडवून ठेवा. पिस्टन टॉपपासून जरासा इकडेतिकडे असला तरी हवेच्या दाबाने इंजिन फिरतं आणि हात अडकतो. ब्रीदरमध्ये फुसफुस ऐकू आली तर रिंग-लायनर, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, हेड किंवा लायनरची चीर.

सगळ्या सिलिंडरांचे आकडे समोरासमोर लिहून काढा. सगळे सारखेच खराब असतील तर कारण सगळ्यांना मिळून एक आहे: धूळ, चकाकी आलेले लायनर, पातळ झालेलं ऑइल. एक किंवा दोनच खराब असतील तर कारण त्या सिलिंडरपुरतं आहे: नोजल, रॉड, ऑइल जेट, लायनरची बैठक. ही एक वाटणी झाली की पुढचा निम्मा शोध संपतो.

खोलल्यावर, धुण्याच्या आधी

पिस्टन बाहेर काढला की लगेच डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवू नका. सिलिंडरचा नंबर आणि पुढची बाजू खुणेने नोंदवा, फोटो काढा, मग बघायला बसा.

सर्वात वरची रिंग हातात घ्या आणि तिचा लायनरला लागणारा चेहरा उजेडात धरा. नव्या रिंगचा चेहरा बहुधा किंचित फुगीर असतो, त्यामुळे थोडी चाललेली रिंग मधोमध एक बारीक चकचकीत रेघ दाखवते. तो चेहरा पूर्ण सपाट, करडा आणि वर-खाली बारीक ओरखड्यांनी भरलेला असेल, ऑइल रिंगच्या दोन्ही कडा झिजून रुंद किंवा धारदार झाल्या असतील आणि हे सगळ्या सिलिंडरांत असेल, तर इंजिनने धूळ खाल्ली आहे. त्यात जगातलं सर्वोत्तम किट टाका, तेही तितक्याच दिवसांत संपेल.

धूळ नेहमी फिल्टरमधूनच येते असं नाही. उलट फिल्टर नवीन असतो, आणि हवा त्याला वळसा घालून जाते. एअर क्लीनरच्या डब्याचं रबर, फिल्टरनंतरचा रबरी एल्बो, क्लिप आवळल्या जागी पडलेली चीर, टर्बोच्या तोंडाशी असलेला जोड. एल्बो नुसता बाहेरून बघू नका; क्लिप काढून वाकवा, म्हणजे क्लिपखाली लपलेली चीर तोंड उघडते. फिल्टरनंतरच्या नळीत पांढरा कपडा फिरवा. कपड्यावर मातकट रेघ आली की उत्तर मिळालं. टर्बोच्या कॉम्प्रेसर पात्यांच्या कडा खरबरीत किंवा झिजलेल्या असतील तर धूळ बऱ्याच काळापासून येत आहे. आणि फिल्टर टायरवर आपटून साफ करायची सवय सोडा. आपटल्याने कागदाची घडी डिंकापासून सुटते आणि ती फट डोळ्याला दिसतही नाही.

धुळीखेरीज पिस्टनचा स्कर्टही (रिंगांखालचा घेर) बरंच काही सांगतो. घासल्याच्या खुणा गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत असतील तर पिस्टन लायनरपेक्षा लवकर फुगला: क्लिअरन्स (दोघांमधली मोकळीक) कमी ठेवलं, किंवा थंड इंजिनवर लगेच लोड टाकला. एका बाजूला वरच्या अंगाला आणि समोरच्या बाजूला खालच्या अंगाला, अशी तिरकी खूण असेल तर रॉड वाकलेला किंवा पिळलेला आहे. माथ्यावर वाटीची कड वितळलेली, कुरतडलेली किंवा तिथून चिरा फुटलेल्या असतील तर नोजल आणि पंपाकडे जा. एकाच पिस्टनचा स्कर्ट चारही बाजूंनी घासला आणि शेजारचे ठणठणीत असतील तर खालून ऑइल मारणारा जेट चोंदला किंवा वाकला आहे का ते बघा. असेंब्ली करताना पिस्टन किंवा रॉड लागून जेट वाकतो, आणि मग गाडी परत येते.

वरच्या रिंगा खाचेत कार्बनने चिकटलेल्या असतील तर तीन शक्यता: इंजिन फार तापत होतं, बराच वेळ आयडलवर चालत होतं, किंवा ऑइल वेळेवर बदललं गेलं नाही. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. तसं ऑइल लायनर सांभाळू शकत नाही.

पिस्टन निवडताना

माप आधी, मागणी नंतर. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) तीन उंचींवर मोजायचा (वरची रिंग जिथे थांबते तिथे, मध्ये आणि खाली), आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, क्रँकच्या लांबीत आणि आडवा. झीज नेहमी वरच्या रिंगच्या टोकाशी जास्त असते. डायल बोअर गेज नसेल तर एक जुना उपाय आहे. नवी स्टँडर्ड रिंग आधी लायनरच्या तळाशी, न झिजलेल्या भागात सरळ बसवून गॅप मोजा, मग वर आणून मोजा. दोन्ही गॅपमधल्या फरकाला ३.१४ ने भागलं की व्यासातली झीज मिळते. गॅप ०.६३ मि.मी. ने वाढला तर लायनर ०.२० मि.मी. झिजला आहे. लंबगोलपणा यात कळत नाही, पण लायनर ठेवायचा की काढायचा याचा निर्णय बहुतेक वेळा होतो.

लायनर नसलेला, ब्लॉकमध्येच बोअर केलेला सिलिंडर असेल तर ०.२० झिजलंय म्हणून ०.२५ ओव्हरसाइझ पुरेल असं धरू नका. झीज एका बाजूला जास्त असते आणि होनिंगसाठीही थोडं धातू राखावं लागतं. तिथे ०.५० च घ्या. पिस्टन हातात येईपर्यंत बोअर करायला देऊ नका. प्रत्येक पिस्टन मोजा आणि त्या पिस्टनला तो बोअर, असं लेथवाल्याला लिहून द्या.

पिस्टन मोजताना तो गोल आहे असं समजू नका. तो लंबगोल असतो आणि वर निमुळता. गजन पिनच्या काटकोनात, स्कर्टवर कंपनीने सांगितलेल्या उंचीवर मोजलं तरच क्लिअरन्स खरं निघतं. माथ्याजवळ मोजून "क्लिअरन्स फार आहे" म्हणत चांगले पिस्टन परत पाठवणारे भेटतात. ११० मि.मी. चा अॅल्युमिनियम पिस्टन १०० अंश सेल्सिअस तापला तर व्यासात साधारण ०.२२ मि.मी. फुगतो, बिडाचा लायनर तितक्याच तापमानात ०.१२ च्या आसपास. हा फरक कुठेतरी जायला जागा हवी, म्हणून "टाइट बसवा, जास्त चालेल" हा सल्ला कान बंद करून ऐकायचा.

ओतीव की फोर्ज्ड (दाबून घडवलेला)? माल वाहणाऱ्या ट्रकला, इंजिनमध्ये फेरफार केलेले नसतील तर, मूळ पिस्टन ज्या प्रकारचा होता तोच. फोर्ज्डमध्ये प्रामुख्याने दोन मिश्रधातू आढळतात: ४०३२, ज्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, आणि २६१८, ज्यात सिलिकॉन नावालाच. २६१८ चिवट आहे, पण जास्त फुगतो, त्यामुळे क्लिअरन्स जास्त ठेवावं लागतं आणि थंड असताना तो खडखडतो. रोज थंड सुरू होणाऱ्या, लाखो किलोमीटर चालवायच्या गाडीत त्याचा उपयोग मला दिसत नाही. स्टीलच्या पिस्टनचं इंजिन असेल तर त्यात अॅल्युमिनियमचा "बसतो" म्हणून घालू नका, आणि उलटही करू नका.

व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं नाही. त्याच इंजिनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची वेगळी असते, माथ्यावरची वाटी वेगळी असते. वाटी आणि नोजलच्या फवाऱ्याचा कोन ही जोडी ठरलेली आहे. चुकीच्या वाटीत फवारा कडेवर आदळतो, डिझेल लायनरवर उतरून ऑइलचा थर धुतं, आणि तुम्ही रिंगांना दोष देत बसता. पार्ट नंबर इंजिन नंबरवरून काढा, गाडीच्या मॉडेलवरून नको. बसवल्यावर प्रत्येक पिस्टन टॉपला असताना ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजा. ज्या इंजिनांत हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळतं, तिथे गॅस्केट याच मापावरून निवडायचं असतं, जुन्याच्या खाचा बघून नव्हे.

आणि जास्त डिझेल मिळावं म्हणून पंप वाढवून घेतला असेल तर तो आधी कंपनीच्या मापावर आणा. पिस्टनचा मिश्रधातू साधारण साडेपाचशे अंशांच्या पुढे वितळायला लागतो, पण त्याची ताकद त्याच्या बरीच आधी, तीनशेच्या आसपासच, खूप उतरलेली असते. वाटीच्या कडेला तेवढं तापमान यायला फार डिझेल लागत नाही.

रिंगा: गॅप, चेहरा आणि लायनरची जाळी

पाकिटातून काढलेली रिंग गॅप न मोजता बसवणं ही या सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारी बचत आहे. रिंग लायनरमध्ये टाका, उलट्या पिस्टनने खाली ढकलून सरळ करा आणि फिलर गेज घाला. ११० मि.मी. बोअरच्या रिंगचा घेर ३४५ मि.मी. होतो. चालताना ती लायनरपेक्षा १०० अंश जास्त तापली तर सुमारे ०.३८ मि.मी. लांबते. गॅप त्याहून कमी असेल तर दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग लायनरवर दाबली जाते आणि लायनर उभा ओरखडतो, नाहीतर पिस्टनची वरची पट्टी तुटते. म्हणून बोअरच्या दर १०० मि.मी. ला ०.३० ते ०.४५ हा ढोबळ हिशोब चालत आला आहे. टर्बो इंजिनला वरच्या बाजूचा आकडा, आणि मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच. घासायची वेळ आली तर एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने घासा, म्हणजे चेहऱ्यावरचा मुलामा उचकटत नाही. शेवटी टोकाची कूस दगडाने मारा.

बऱ्याच डिझेल इंजिनांत वरची रिंग पाचरीसारखी निमुळती असते, कार्बन साचला तरी खाचेत हलती राहावी म्हणून. तिचं बाजूचं क्लिअरन्स नेहमीसारखं फिलर गेजने मोजता येत नाही. खाच मोजायला वेगळं गेज लागतं. जुना पिस्टन ठेवून फक्त रिंगा बदलायचा विचार असेल तर हीच खाच अडवते. चौकोनी रिंगसाठी खाचेत ०.०५ ते ०.१० मि.मी. च्या आसपास मोकळीक असते. ती दुप्पट झाली असेल तर नवी रिंग त्यात वर-खाली आपटत ऑइल वर पंप करते. गॅप नवा असूनही ऑइल जातं ते असं.

चेहरा कुठला घ्यायचा? क्रोम धुळीला दमदार आहे, मॉलिब्डेनमचा थर सच्छिद्र असल्यामुळे ऑइल धरतो आणि घासण्याला चांगलं तोंड देतो. पण लायनर क्रोमचा असेल तर क्रोमची रिंग कधीच नाही. दोन्ही क्रोम एकमेकांना खातात. याहून खोलात शिरायचं कारण नाही. लायनर आणि रिंग एकाच सेटमधले घ्या.

लिहिलेली बाजू वर, ठिपका वर. दुसऱ्या रिंगची बाजू उलटली तर ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर नेते, आणि नव्या इंजिनने पहिल्या दिवसापासून ऑइल खाल्लं तर मी आधी हाच संशय घेतो. ऑइल रिंगच्या आतल्या स्प्रिंगचा जोड रिंगच्या गॅपच्या बरोबर समोर ठेवा. तीन तुकड्यांची असेल तर मधल्या तुकड्याची टोकं एकमेकांवर चढली नाहीत ना, ते बघा. रिंगांचे गॅप १२० अंशांवर, पिनच्या रेषेत किंवा थ्रस्टच्या बाजूला (पिस्टन लायनरवर रेटला जातो ती बाजू) नको.

लायनर ब्लॉकमध्ये बसवल्यावर पुन्हा मोजा. ड्राय लायनर (ज्याला पाणी थेट लागत नाही) दाबून बसवल्यावर बोअर आकसतो. सेमी-फिनिश आणला असेल तर तो बसवल्यानंतरच बोअर आणि होन होतो. वेट लायनरची (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) ओ-रिंग पिळली किंवा फुगली तर खालचा भाग लंबगोल होतो. वेट लायनर ब्लॉकच्या वर किती उचललेला हवा तेही चारही बाजूंनी मोजा. कमी असेल तर गॅस्केट पुन्हा जाईल, आणि पाणी चेंबरमध्ये उतरलं की नव्या बेअरिंगांचंही काम झालं.

होनिंगची जाळी दोन्ही दिशांनी, एकमेकींना छेदणारी दिसायला हवी. पण बिघडतं ते होन केल्यावर धुण्यात. नुसत्या डिझेलने पुसल्यावर दगडाची पूड रेघांच्या खोलात तशीच राहते, आणि इंजिन सुरू झालं की तीच पूड रिंगा घासते. गरम पाणी, साबण आणि कडक ब्रश. सुकवून लगेच ऑइल लावा, पांढऱ्या कपड्याने पुसा, आणि कपड्यावर करडा डाग यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. वेळ लागतो. लागू द्या.

रॉड

रॉड बदलायचा की ठेवायचा हे दिसण्यावरून ठरत नाही. बिग एंडची (रॉडचं क्रँककडचं टोक) कॅप बेअरिंगशिवाय, पूर्ण टॉर्क देऊन बांधा आणि भोक उभं आणि दोन्ही तिरक्या दिशांनी मोजा. लंबगोल असेल तर बेअरिंग पाठीमागून बसत नाही, तापतं, फिरतं. पुन्हा पुन्हा एकाच सिलिंडरचं बेअरिंग जात असेल तर क्रँकच्या आधी हे माप घ्या. बेअरिंगची मोकळीक ढोबळ मानाने जर्नलच्या (क्रँकचा जो गोल भाग बेअरिंगमध्ये फिरतो) व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी: ७५ मि.मी. च्या जर्नलला ०.०७५ च्या आसपास. ती प्लास्टिगेजने (दाबल्यावर पसरणारी मऊ पट्टी) तपासा, पण पट्टी दाबलेली असताना क्रँक फिरवू नका.

मग बाक आणि पीळ. मँड्रेलवर किंवा रॉड अलाइनमेंटच्या फिक्स्चरवर तपासून घ्या. बाकाची मर्यादा बऱ्याच मॅन्युअलमध्ये १०० मि.मी. लांबीला ०.०५ मि.मी. च्या आसपास असते, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचून इंजिन अडकलं असेल तर रॉड वाकून आखूड होतो. तो पिस्टन टॉपला बाकीच्यांपेक्षा खाली राहतो, आणि लायनरवरची कार्बनची रेघही खाली सरकलेली दिसते. असा रॉड दाबून सरळ करून मिळतो, पण ट्रकमध्ये तो परत घालायला मी तयार नाही. एकदा वाकलेला धातू ओझ्याखाली परत त्याच जागी हार मानतो.

फ्रॅक्चर-स्प्लिट रॉडची (एकसंध बनवून मग तोडून कॅप वेगळी केलेला रॉड) कॅप दुसऱ्या रॉडला चालत नाही आणि तिचं तोंड घासूनही चालत नाही, कारण दोन तुकडे त्या तुटलेल्या दाण्यांवरच एकमेकांत बसतात. कॅप खाली पडून दाणा उडाला तर अख्खा रॉड गेला. कोन देऊन घट्ट करायचे बोल्ट असतील तर मॅन्युअल नवे सांगतं का ते बघा, आणि सांगत असेल तर वाद नको. एक-दोन रॉड बदलत असाल तर वजनाचा गट जुन्याशीच जुळवा. स्मॉल एंडचा (रॉडचं पिनकडचं टोक) नवा बुश दाबताना ऑइलचं भोक समोरासमोर आलं की नाही ते तार घालून बघा.

सुरू केल्यावर

बांधलेलं इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवून "रिंगा बसवायची" पद्धत बंद करा. रिंगेला लायनरवर दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब, आणि आयडलवर तो नसतो. मग जाळीवर ऑइल भाजून काचेसारखी चकाकी येते आणि रिंगा कधीच बसत नाहीत. पाणी गरम होईपर्यंत हळू चालवा, मग मध्यम लोडवर, वेग कमी-जास्त करत. खच्चून माल भरून लांब चढ पहिल्या काही शे किलोमीटरात नको.

पहिला ऑइल फिल्टर लवकर काढा आणि तो कापून आतला कागद उजेडात उघडा. थोडी काळसर पूड असतेच. चमकदार पांढरट कण असतील तर ते पिस्टनचे, कथिलासारखे मऊ पापुद्रे असतील तर बेअरिंगचे, आणि चुंबकाला चिकटणारे बारीक तंतू असतील तर रिंगा किंवा लायनर. त्याच दिवशी फिल्टरनंतरच्या नळीत पांढरा कपडा पुन्हा एकदा फिरवून घ्या.